गोळी शेवटी पोटातच विरघळणार ना? मग कुटून दिली तर काय बिघडतं?

मेघना_०९
नमस्कार मंडळी,
सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून गिळायला त्रास होतो. साध्या पाण्याचाही ठसका लागतो. म्हणून त्यांच्या सगळ्या गोळ्या आम्ही खलबत्त्यात बारीक करून मऊ खाण्यात कालवून देतो. परवा औषधं घेताना काउंटरवरच्या मुलीला हे बोलता बोलता सांगितलं, तर ती एकदम गंभीर झाली. तिने एकेक पट्टी हातात घेऊन सांगितलं, "ही रक्तदाबाची हवी तर अर्धी करा, पण कुटू नका. ही पित्ताची तर अजिबात नको. ही कोलेस्टेरॉलची चालेल." मागे रांग होती, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही.

माझा बाळबोध प्रश्न असा, की पोटात गेल्यावर गोळीचा चुराच होणार आहे. तो आधी मी केला काय आणि पोटाने केला काय, फरक काय पडतो? आणि अर्धी केलेली चालते पण कुटलेली चालत नाही, हे तर डोक्यावरूनच गेलं.

अजून एक. सासऱ्यांच्या मधुमेहाच्या गोळीचा सांगाडा कधी कधी शौचातून अख्खा बाहेर पडलेला दिसतो. त्यांचं म्हणणं, गोळी विरघळतच नाही, नुसती फसवणूक आहे. नावापुढे एसआर आहे. ही एसआर, एक्सआर, ओडी, डीटी वगैरे शेपटं नेमकी कशाची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ
अख्खी बाहेर येते म्हणजे धुऊन परत घेता येईल. याला फसवणूक नाही, आजीवन हमी म्हणतात.

खडूस_आजोबा
शेपटांचं मी सांगतो. औषध जुनंच असतं. पेटंट संपत आलं की त्यालाच नवा कोट चढवायचा, पुढे दोन इंग्रजी अक्षरं जोडायची आणि नव्याने विकायचं. गोळी म्हणजे गोळी. आत औषध किती मिलिग्रॅम आहे तेवढं बघावं, बाकी सगळा बाजार.

निवांत
+१ आजोबा. एसआर म्हणजे 'सेल्स रिव्हाइव्हल' असणार.

कोटिंगपॅन
मी गोळ्या बनवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे आजोबांशी आधी भांडतो आणि मग मेघनाताईंना उत्तर देतो.

आजोबा, पेटंटचा खेळ चालतो हे खरं आहे, नाकारत नाही. पण 'मिलिग्रॅम तेवढे बघावे' हे साफ चूक. निफेडिपिनचं उदाहरण घ्या. रक्तदाबाचं औषध. पूर्वी त्याची मऊ कॅप्सूल यायची, आत पातळ औषध. रक्तदाब फार वाढला की ती फोडून किंवा चावून द्यायची पद्धत जगभर होती. दाब झपाट्याने उतरायचा आणि सगळ्यांना बरं वाटायचं. पण तो इतका झपाट्याने उतरायचा, की काही रुग्णांच्या मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आले. १९९० च्या दशकात ही पद्धत बंद करण्याचे इशारे निघाले. तेच निफेडिपिन सावकाश सुटणाऱ्या गोळीतून आजही सर्रास दिलं जातं आणि उत्तम चालतं. रेणू तोच, फक्त तो रक्तात किती वेगाने पोचतो हे बदललं.

आता ताईंचा प्रश्न. पोट चुरा करतंच, हे साध्या गोळीबद्दल बरोबर आहे. साध्या गोळीत आम्ही मुद्दाम असा घटक घालतो जो पाणी लागलं की फुगतो आणि गोळी आतून फोडतो. काही मिनिटांत तिचा चुरा होतो. तुम्ही आधी कुटलीत तर फारसं बिघडत नाही, चव तेवढी कडू लागते. कोलेस्टेरॉलची चालेल म्हणाली ती त्यामुळेच. तिच्यावरचा पापुद्रा बहुधा चवीसाठी आणि गिळायला सोपं जावं म्हणून असतो.

तुमच्या शेपटांपैकी ओडी म्हणजे दिवसातून एकदा, डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून घ्यायची. एसआर (सस्टेन्ड रिलीज), एक्सआर किंवा ईआर (एक्स्टेंडेड रिलीज), सीआर (कंट्रोल्ड रिलीज) या सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांची मात्र पूर्ण वेगळी रचना असते. तिच्यात पोटाने चुरा करू नये अशी व्यवस्था असते. सासऱ्यांच्या गोळीत (मेटफॉर्मिन असणार) औषध एका पॉलिमरमध्ये मिसळून दाबलेलं असतं. पाणी लागलं की बाहेरून बुळबुळीत जेलीचा थर तयार होतो आणि औषध त्या थरातून झिरपत झिरपत तासन्‌तास बाहेर येतं. औषध संपलं तरी पॉलिमरचा मऊ लगदा उरतो, तोच तुम्हाला दिसतो. निफेडिपिनच्या एका प्रकारात तर गोळीच्या कडक कवचाला लेझरने बारीकसं छिद्र पाडलेलं असतं. आत पाणी शिरतं, आतला थर फुगतो आणि औषध त्या छिद्रातून ठराविक वेगाने ढकललं जातं. कवच जसंच्या तसं बाहेर पडतं. गोळीचं माहितीपत्रक उघडून बघा, रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका असं चक्क छापलेलं असतं.

म्हणून अशी गोळी कुटली, की दिवसभरासाठी भरलेलं औषध एकदम रक्तात. आमच्यात त्याला 'डोस डम्पिंग' म्हणतात. सकाळी दाब फार खाली आणि रात्री औषधच नाही, अशी दोन्हीकडून पंचाईत.

अर्धी चालते पण कुटलेली नाही, याचा अर्थ ती बहुतेक मेटोप्रोलोल सक्सिनेट असावी. तिच्यात शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर स्वतःचं कोटिंग असतं. मधल्या रेघेवर मोडलीत तर दाणे शाबूत राहतात. बत्ता घातलात तर दाणेच फुटतात.

मेघना_०९
@कोटिंगपॅन, बरोब्बर ओळखलंत, मेटोप्रोलोलच आहे! आणि दुसरी मेटफॉर्मिन. पित्ताची पॅन्टोप्राझोल. तिचं काय?

कोटिंगपॅन
ती बरोबर उलटी. तिला सावकाश सुटायचं नसतं, उशिरा सुटायचं असतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही मंडळी आम्लात टिकत नाहीत आणि जठरात तर आम्लच आम्ल. रिकाम्या पोटी पीएच १ ते ३ च्या आसपास. म्हणून वरून असं कोटिंग देतात जे आम्लात ढिम्म हलत नाही आणि पीएच साडेपाचच्या वर गेला, म्हणजे गोळी लहान आतड्यात पोचली, की विरघळतं. कुटलीत की जठरातच औषधाचा निकाल लागतो. म्हणजे मेटोप्रोलोल कुटलं तर औषध जास्त होतं, पॅन्टोप्राझोल कुटलं तर शून्याकडे जातं. खलबत्ता एकच.

सहज_सुचलं
मग एंटेरिक (म्हणजे आम्लात न विरघळणारं) कोटिंग असलेल्या अॅस्पिरिनचंही तेच का? आमच्याकडे बाबांना डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, छातीत तसं दुखलं तर अॅम्ब्युलन्सला फोन करा आणि अॅस्पिरिन चावून खा.

यकृतप्रेमी
सहज_सुचलं, तिथे साधी, बिनकोटिंगची अॅस्पिरिन हवी, आणि चावायची ती लवकर शोषली जावी म्हणूनच. रोजच्या वापरातल्या कोटिंगवाल्या अॅस्पिरिनमध्ये कोटिंग औषधाला वाचवायला नसतं, जठराला वाचवायला असतं. तेही पूर्ण वाचत नाही. अॅस्पिरिन रक्तातून फिरून जठराच्या अस्तरावर परिणाम करतेच. चावून घ्यायची वेळ आलीच तर कोणती गोळी घ्यायची, हे बाबांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

(मी डॉक्टर आहे, पण इथे कुणाला औषध सांगत नाही. सासूबाईंच्या गोळ्यांचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.)

जिज्ञासू_जीव
माझा एक जुना प्रश्न. अँजायनाची (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्याची) गोळी जिभेखाली का ठेवतात? गिळली तर का चालत नाही? तीही पोटात विरघळेलच.

यकृतप्रेमी
छान प्रश्न, कारण माझ्या आवडत्या अवयवाचं नाव आता घेता येईल.

जठर आणि आतड्यांतून जे शोषलं जातं ते थेट हृदयाकडे जात नाही. ते सगळं रक्त आधी पोर्टल शिरेतून यकृतात जातं. हा जकातनाका चुकवता येत नाही. यकृत प्रत्येक अनोळखी रेणूवर संशय घेतं आणि विकरांनी (एन्झाइम्सनी) त्याची तोडफोड करतं. काही औषधं या पहिल्याच फेरीत बरीचशी संपतात. अँजायनाच्या गोळीतलं नायट्रोग्लिसरीन त्यातलं सगळ्यात टोकाचं. गिळलंत तर शरीरात फिरायला नगण्य उरतं. जिभेखालच्या शिरांचं रक्त मात्र यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं. त्यामुळे मिलिग्रॅमच्याही अंशाइतक्या औषधाने एक ते तीन मिनिटांत आराम पडतो.

प्रोप्रॅनोलोल या रक्तदाबाच्या औषधाचं बघा. शिरेतून द्यायचं तर १ मिलिग्रॅम देतानाही हात जपून चालवतात. तोंडाने ४० मिलिग्रॅमची गोळी सहज दिली जाते. मधला फरक यकृताने खाल्लेला.

अवांतर: नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधलंच. विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ते अँजायनासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी तेच औषध सांगितलं. १८९६ मधल्या एका पत्रात नियतीच्या या थट्टेबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय.

टवाळ
म्हणजे जिभेखाली ठेवून जोरात दात आपटायचे नाहीत. नोंद घेतली.

यकृतप्रेमी
@टवाळ, गोळीतलं इतकं कमी आणि इतर घटकांत इतकं मिसळलेलं असतं, की दात आपटा नाहीतर डोकं. पण एक खरंच सांगतो. ती गोळी मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवावी. तिचं औषध हवेत उडून जातं. प्लास्टिकच्या गोळ्यांच्या डबीत काढून ठेवली, तर नेमक्या वेळेला ती निकामी निघू शकते.

खडूस_आजोबा
एवढं रामायण ऐकल्यावर माझा मुद्दाच सिद्ध झाला, की सगळ्यात बेस्ट म्हणजे इंजेक्शन. यकृत नाही, कोटिंग नाही, थेट रक्तात. उगाच नाही आम्ही डॉक्टरांना म्हणत, सुई मारा आणि मोकळे करा.

यकृतप्रेमी
आजोबा, असं म्हणणारे माझ्याकडे रोज येतात आणि मी रोज वाद घालतो. शिरेतून दिलेलं औषध शंभर टक्के रक्तात जातं, मान्य. पण तोंडाने दिलेलंही जवळजवळ तेवढंच पोचत असेल तर? लिनेझोलिड हे अँटिबायोटिक गोळीतून जवळपास शंभर टक्के मिळतं. मेट्रोनिडॅझोल, लेव्होफ्लॉक्सॅसिन यांचंही तसंच. रुग्ण शुद्धीत आहे, गिळू शकतोय, उलट्या नाहीत, आतडं नीट चालतंय, तर अशा औषधांसाठी सुईचा वेगळा फायदा फारसा नसतो. शिवाय सुईची जागा सुजणं, जंतुसंसर्ग हे धोके वेगळेच.

सुई लागते तिथे लागतेच. इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोट ते पचवून टाकतं. तीव्र अॅलर्जीत अॅड्रेनालिन मांडीच्या स्नायूतच द्यावं लागतं, तिथे मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. आणि शिरेतून दिलेलं औषध परत घेता येत नाही. गोळीचं निदान काही वेळा शोषण थांबवता येतं.

कोटिंगपॅन
इन्सुलिनवरून आठवलं. मधुमेहाचं सेमाग्लुटाइडही तसलंच, म्हणजे पेप्टाइड (प्रथिनाची छोटी साखळी). पण २०१९ मध्ये त्याची गोळी मंजूर झाली. एका साहाय्यक रसायनाच्या आधाराने ती जठरातूनच शोषली जाते, आणि तीही जेमतेम १ टक्का किंवा त्याहून कमी. उरलेलं सगळं वाया. म्हणून तर रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबरच, आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही अशी अट. पाणी जास्त प्यायलं तरी शोषण घटतं.

इनहेलर उलट दिशेचं उदाहरण. दम्याच्या साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते आणि इनहेलरचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. चाळीस पट फरक! औषध जिथे हवं तिथेच पोचवलं की हातांची थरथर आणि छातीची धडधड कमी. फक्त तंत्र नीट हवं, नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं. स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) वापरावा. स्टेरॉइडचं इनहेलर असेल तर नंतर चूळ भरून थुंकावी, तोंडात बुरशी होत नाही.

रातकिडा
लहान आतड्यातून शोषण चांगलं होतं, कारण त्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असतं असं शाळेत शिकलो होतो. म्हणजे जठर काय करतं मधल्या मध्ये?

यकृतप्रेमी
टेनिस कोर्ट हे जुनं गणित. नव्या मोजणीत अन्नमार्गाच्या आतल्या अस्तराचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर निघालं. तरी भरपूरच आहे. जठराचं काम मुख्यतः घुसळणं आणि पुढे सोडणं. भरल्या पोटी ते उशिरा सोडतं, म्हणून काही औषधं जेवणाआधी आणि काही नंतर.

मृण्मयी_क
कुणीतरी हे सांगा ना, की गोळी दिवसातून एकदा की तीनदा हे कशावरून ठरतं? मला थायरॉइडची गोळी रोज एकदा, ती एक दिवस चुकली तर डॉक्टर म्हणाले फार काळजी नको. आणि अँटिबायोटिकची एक वेळ चुकली तर ओरडले.

यकृतप्रेमी
मृण्मयीताई, उत्तर 'अर्धायुष्य' या मोजमापात आहे. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. पॅरासिटामॉलचं दोन-तीन तास. थायरॉक्सिनचं साधारण सात दिवस. त्यामुळे तुमची एक गोळी चुकली तरी रक्तातली पातळी थोडीशीच खाली येते. आणि त्यामुळेच डोस बदलल्यावर लगेच दुसऱ्या आठवड्यात रक्त तपासून उपयोग नसतो. पातळी स्थिर व्हायला पाचेक अर्धायुष्यं लागतात, म्हणून सुमारे सहा आठवड्यांनी तपासायला सांगतात. औषध बंद केल्यावर अंगातून जायलाही तेवढाच काळ.

अॅझिथ्रोमायसिन तीन दिवसच देतात याचं कारणही हेच. ते पेशींमध्ये दडून बसतं आणि सावकाश बाहेर येतं. गोळ्या संपल्या तरी औषध काही दिवस काम करत असतं.

आणि दुसरं टोक म्हणजे पेनिसिलिन जी. त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास. मूत्रपिंडं ते अक्षरशः उपसून बाहेर टाकतात. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्या गटाने पहिल्यांदा एका पोलीस शिपायाला ते दिलं तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून पुन्हा टोचत होते. तो सुधारत होता, पण साठा संपला आणि तो वाचला नाही. पुढे मूत्रपिंडाचा हा उपसा रोखणारं प्रोबेनेसिड वापरात आलं. नंतर स्नायूत साठून आठवडेच्या आठवडे पुरणारं बेन्झाथिन पेनिसिलिनही आलं. आता एक टोचून तीन-चार आठवडे निश्चिंती.

टवाळ
गोळी धुऊन परत घ्यायचा माझा विनोद १९४१ मध्ये प्रत्यक्षात येऊन गेला होता हे वाचून मी निवृत्त होतोय.

निवांत
मला एक कळत नाही. ऑफिसात एका सहकाऱ्याला कोडीनवाली वेदनाशामक गोळी घेतली की गाढ झोप लागते, मला त्याच गोळीने काहीही होत नाही. दुखणंही जात नाही, झोपही येत नाही. मी मनाचा खंबीर असावा.

यकृतप्रेमी
खंबीर मन नव्हे, सुस्त विकर. कोडीन स्वतः फार काही करत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं विकर त्याच्या थोड्याशा भागाचं मॉर्फिन करतं आणि ते मॉर्फिन वेदना थांबवतं. काहींमध्ये हे विकर जन्मतःच निकामी असतं, त्यांना आराम पडत नाही. काहींमध्ये ते अतिवेगवान असतं, त्यांच्यात नेहमीच्या डोसमधूनच धोकादायक मॉर्फिन तयार होतं. लहान मुलांचे मृत्यू झाल्यावर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं स्पष्ट केलं. तेव्हा 'मला चढत नाही' म्हणून दोन गोळ्या घेण्याऐवजी डॉक्टरांना सांगा.

मेघनाताईंच्या सासूबाईंना पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) चालू असेल तर तेही असंच, यकृतात गेल्यावरच जागं होणारं. ते जागं करणाऱ्या विकराला ओमेप्राझोल अडवतं. म्हणून तिथे पित्तासाठी सहसा पॅन्टोप्राझोल निवडतात.

मेघना_०९
अगोबाई, हो! क्लोपिडोग्रेल आहे. म्हणजे ती गोळी ओमेप्राझोल नसून पॅन्टोप्राझोल असण्यालाही कारण होतं.

सहज_सुचलं
ग्रेपफ्रूटच्या (द्राक्ष नव्हे, पपनसासारखं आंबट फळ) रसाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. १९८९ मधली गोष्ट. कॅनडात फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि मद्य यांच्या परिणामाचा अभ्यास चालू होता. मद्याची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तर रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडलं. शोध घेतला तर करामत रसाची निघाली. आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं विकर तो निकामी करतो आणि नवं विकर तयार व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून रस सकाळी आणि गोळी रात्री असं करूनही सुटका नाही. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांना हे फळ टाळायला सांगतात ते यामुळेच.

मृण्मयी_क
आणि दूध? टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकबरोबर दूध नको म्हणतात.

कोटिंगपॅन
ती विकरांची भानगड नाही. कॅल्शियम औषधाला धरून बसतं आणि दोघंही न शोषले जाता निघून जातात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचंही तसंच. तुमच्या थायरॉइडच्या गोळीचंही, बरं का. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवा.

रातकिडा
मंडळी, थोडं अवांतर. माझा बोका लंगडतोय, सुट्टीमुळे दवाखाना बंद. पॅरासिटामॉलचा पाव तुकडा दिला तर चालेल का?

यकृतप्रेमी
नको!!! अजिबात नको. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉलला निरुपद्रवी करणारी यंत्रणा फार दुबळी असते. आपल्या अंगातही त्याचा थोडा भाग विषारी रूप घेतो, पण यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ते विझवतं. मांजरात विषारी वाटच मोठी होते. पाव गोळीनेही जीव जाऊ शकतो. प्राण्यांचे तातडीचे डॉक्टर शोधा.

माणसांसाठी टीप: ग्लुटाथायोनचा साठा आपल्याही यकृतात मर्यादितच असतो. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि सर्दीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेऊन एकाच औषधाचा दुप्पट डोस घेतलेले लोक आम्ही बघतो. जास्त झालंय असं वाटलं तर त्रास व्हायची वाट न बघता लगेच रुग्णालयात जावं. अॅसिटिलसिस्टीन हा उतारा लवकर दिला तर यकृत वाचतं.

रातकिडा
बापरे. नाही दिली. फोनवर एक डॉक्टर मिळाले, निघालोय.

जिज्ञासू_जीव
लहान मुलांच्या औषधाचं एक राहिलं. त्याच औषधाचे थेंब आणि सिरप दोन्ही येतात. मला वाटायचं थेंब म्हणजे सौम्य.

कोटिंगपॅन
उलट! थेंब बहुतेक वेळा जास्त तीव्र असतात. तान्ह्या बाळाच्या तोंडात जास्त पातळ औषध मावत नाही म्हणून थोडक्यात जास्त औषध भरलेलं असतं. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीला लावलं तर कितीतरी पट डोस जातो. बाटलीवर एक मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचायचं, बाळाच्या वजनावर डॉक्टरांनी दिलेला आकडा घ्यायचा आणि सोबतच्या पिचकारीनेच द्यायचं. घरातल्या चमच्यांचं माप एकसारखं नसतं. आणि 'हलवून घ्या' लिहिलंय ती बाटली खरोखर हलवा. औषध तळाला बसतं, सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे जालीम होतात.

मेघना_०९
डॉक्टरांना भेटून आले. या धाग्यामुळे सगळ्या पट्ट्या घेऊनच गेले आणि एकेक विचारलं. अॅटॉर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची) आणि क्लोपिडोग्रेल बारीक करून द्यायला हरकत नाही म्हणाले. मेटोप्रोलोल सक्सिनेटऐवजी साधं मेटोप्रोलोल दिवसातून दोनदा दिलंय, ते कुटलं तरी चालतं. पॅन्टोप्राझोलऐवजी तोंडात विरघळणारं लॅन्सोप्राझोल. त्यातही कोटिंगचे बारीक कण असतात म्हणे, जिभेवर ते कण लागले तर चावू द्यायचे नाहीत. गिळण्याची तपासणी करायला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलंय.

सगळ्या गोळ्या एकत्र कुटू नका, एकेक वेगळी करून द्या, असंही सांगितलं. सासऱ्यांना सांगाड्याचं समजावलं. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही, पण साखरेचे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून गप्प आहेत.

कोटिंगपॅन
उत्तम काम केलंत ताई. अजून दोन गोष्टी. ठसका लागू नये म्हणून पाणी दाट करायची पावडर देतील. त्या दाट पाण्यात काही गोळ्या उशिरा विरघळतात, तेव्हा फार घट्ट करून त्यात गोळी देण्याआधी विचारा. दुसरं, घरात कुणी गरोदर असेल तर कर्करोगाच्या किंवा फिनॅस्टेराइडसारख्या (प्रोस्टेटच्या) गोळ्यांचा चुरा तिने हाताळू नये.

गिळायला बाकी त्रास नाही पण कॅप्सूल घशात अडकते असं ज्यांना होतं, त्यांच्यासाठी: मान मागे टाकू नका. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते. तोंडात पाणी घेऊन हनुवटी छातीकडे झुकवा, ती घशाकडे आपोआप जाते. पक्षाघाताच्या रुग्णावर मात्र हा प्रयोग करू नये.

खडूस_आजोबा
मान झुकवून पाहिली. गेली. बाकी मुद्द्यांवर माझा विरोध कायम आहे.

निवांत
गोळ्या झाल्या, सुया झाल्या. वेदनेच्या पॅचचं काय? आईला तीन दिवस चालणारा फेंटॅनिल पॅच दिलाय. गुंगी येते म्हणून अर्धा कापून लावावा म्हणतेय.

यकृतप्रेमी
कापू नका. काही पॅचमध्ये औषधाची पिशवी असते. कात्री लावली की सगळं एकदम त्वचेवर. डोस जास्त वाटत असेल तर कमी ताकदीचा पॅच मिळतो. गुंगी वाढली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. श्वास मंद वाटला किंवा हाक मारून नीट जाग येत नसेल तर थेट रुग्णालय. पॅचवर गरम पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त वेगाने शिरतं. ताप आला तरी तेच होतं. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या, प्राण्यांच्या हाती लागणार नाही असा टाका.

निवांत
फोन केला. कमी ताकदीचा लिहून देतायत, उद्या बोलावलंय. धन्यवाद डॉक्टर.

रातकिडा
बोका ठीक आहे, पायात काटा होता. आता मुदत संपलेल्या औषधांबद्दल विचारू का?

मृण्मयी_क
त्यासाठी नवीन धागा काढ रे. इथे आजोबा आत्ता कुठे शांत झालेत.